टीमच्या विकीवर लिहिताना

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब या कंपनीतले एक इंजिनिअर डेटाबेसची प्रत नव्याने उभी करत होते. मूळ डेटाबेस एका सर्व्हरवर आणि त्याच्या मागोमाग चालणारी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर, अशी ती रचना. त्या दिवशी ताण वाढल्याने प्रत फार मागे पडली होती, म्हणून ती पुसून पुन्हा उतरवून घ्यायची होती. त्यासाठीची कमांड चालवली, तर ती नुसतीच थांबून राहिली. चूक सांगत नव्हती, काम पुढे सरकतंय असंही दाखवत नव्हती. पुन्हा करून पाहिलं, तेच. शेवटी वाटलं, डेटाच्या फोल्डरमुळेच काहीतरी अडत असेल. त्यांनी फोल्डर पुसायची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांतच लक्षात आलं, की आपण प्रतीच्या नाही, मूळ सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअपही चालत नसल्याचं तेव्हाच उघड झालं, आणि सहाएक तासांचा डेटा कायमचा गेला.

कंपनीने पुढे ही सगळी हकीकत कारणांसकट उघडपणे लिहिली, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे. कारणं बरीच होती आणि बंद पडलेले बॅकअप हे त्यातलं फार मोठं कारण होतं. पण मला त्यातली एक लहानशी नोंद विसरता येत नाही. ती कमांड अडकलेली नव्हतीच. मूळ सर्व्हरकडून डेटा यायला लागेपर्यंत ती गप्प बसून वाट पाहते, हा तिचा स्वभावच आहे. टीममधल्या दुसऱ्या एका इंजिनिअरना हे माहीत होतं, पण ते त्या वेळी तिथे नव्हते. आणि टीमच्या कामाच्या पानांवर ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली नव्हती.

एका ओळीची बाब होती. ‘ही कमांड सुरुवातीला काही वेळ काहीच दाखवत नाही, थांबा.’

टीमचा विकी, म्हणजे टीममधल्या कुणालाही लिहिता आणि दुरुस्त करता येणारी कामाची पानं, असतो तो नेमका या फटीसाठी. जो जाणतो तो हजर नाही, आणि जो हजर आहे तो जाणत नाही. विकीवर कसं लिहावं याचे जेवढे म्हणून नियम आहेत, ते सगळे मला एकाच गोष्टीतून उलगडतात: वाचणारा तुम्हाला उलट विचारू शकत नाही. समोर बसून सांगताना ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसली की आपण थांबतो, पुन्हा सांगतो. पानाला ती आठी दिसत नाही. ती लिहितानाच डोळ्यांपुढे आणावी लागते.

विकी म्हणजे काय, आणि टीमचा विकी वेगळा का

वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. हवाई बेटांवरच्या होनोलुलू विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावायची. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट, त्यावरूनच हे नाव. प्रोग्रॅमरांनी एकमेकांचे अनुभव पटकन लिहून ठेवावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. कल्पना साधी होती: जो पान वाचतोय त्याच्याच हातात ते दुरुस्त करायचं बटण द्यायचं. अजून नसलेल्या पानाची लिंकही देता यायची. त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह दिसायचं, आणि ज्याला माहिती असेल त्याने त्यावर क्लिक करून ते पान लिहायचं. म्हणजे काय लिहायचं राहिलंय हेही विकीवरच दिसत राहायचं. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

२००१ मध्ये विकिपीडिया आला आणि विकी हा शब्द घरोघरी पोचला. पण त्यामुळे एक गैरसमजही पसरला. अनेकांना वाटतं, चूक राहिली तरी कुणीतरी येऊन नीट करेल. विकिपीडियालाही हे नेहमी साधत नाही. २००५ मध्ये तिथे अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्याबद्दलचा धादांत खोटा मजकूर चारेक महिने तसाच राहिला होता. आणि तिथे तर असंख्य डोळे असतात. तुमच्या टीममध्ये आठ जण असतील, तर एखादं पान वर्षातून दोनदा उघडलं जाईल, तेही काहीतरी बिघडल्यावर. त्या वेळी उघडणारा माणूस दुरुस्त करायला आलेला नसतो, विश्वास ठेवायला आलेला असतो.

दुसरा फरक आधाराचा. विकिपीडियावर स्वतःच्या अनुभवातून काही लिहायचं नसतं; छापून आलेला आधार द्यावा लागतो. टीमच्या विकीवर उलट आहे. तुमच्या सिस्टिमबद्दल जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही जे करून पाहिलं, तोच आधार. म्हणून ‘मी हे स्वतः चालवून पाहिलं’ आणि ‘मला असं वाटतं’ यातला फरक पानावर दिसायलाच हवा. ‘ही पायरी मी चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहिली आहे, खऱ्या सर्व्हरवर नाही’ असं एक प्रामाणिक वाक्य पुढच्या माणसाला फार मोठा आधार देतं.

लिहिण्याआधी शोधा

नवीन पान करायच्या आधी तीन-चार वेगवेगळे शब्द टाकून शोधा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि ती गाळली की काय होतं हे मी पाहिलं आहे. एका टीममध्ये नवीन माणसाचा संगणक तयार करण्याची तीन पानं होती. एकाच्या नावात ‘सेटअप’, दुसऱ्याच्या नावात ‘सेटअप नवीन’, तिसऱ्याच्या नावात एका जुन्या सहकाऱ्याचं नाव. तिन्ही पानं थोडी थोडी बरोबर होती. मी पहिल्या दिवशी त्यातलं मधलं घेतलं आणि दीड दिवस अशा एका सेवेशी जोडणी करत बसलो, जी केव्हाच बंद झाली होती. त्या पानांपैकी एकही नसतं, तर मी सरळ शेजारच्याला विचारलं असतं.

म्हणून सापडलेलं पान अर्धवट असेल, तर त्याच पानात भर घाला. दोन पानं एकाच गोष्टीची असतील, तर एक ठेवा आणि दुसऱ्या पत्त्यावरून पहिल्याकडे वळवा. एकच माहिती चार ठिकाणी लिहून ठेवण्याचा मोह होतो, कारण वाचणाऱ्याला सोयीचं होईल असं वाटतं. पण पोर्ट नंबर (सर्व्हरवरच्या एखाद्या सेवेचा दार-क्रमांक) बदलला की चारपैकी दोन जागी दुरुस्ती होते आणि दोन जागी जुनं राहतं. माहिती एकाच जागी ठेवा, बाकी ठिकाणाहून लिंक द्या.

लिंक देताना ‘इथे क्लिक करा’ असं लिहू नका. लिंकच्या शब्दांवरूनच ती कुठे नेणार हे कळलं पाहिजे.

नाव शोधणाऱ्याच्या तोंडचं द्या

पानाचं नाव लिहिणाऱ्याच्या डोक्यातून येतं, आणि शोध घेणारा वेगळ्याच शब्दांनी शोधतो. ज्याने सिस्टिम बांधली तो पानाला नाव देतो ‘लेखासंचय व्यवस्थापन धोरण’. ज्याच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली आहेत, तो शोधतो ‘डिस्क फुल’. दोघांची गाठ पडणार कशी? पानाचं नाव ‘सर्व्हरची डिस्क भरली तर काय करायचं’ असं ठेवा आणि स्क्रीनवर येणारा एरर मेसेज पानात जसाच्या तसा, पूर्ण, मजकूर म्हणून चिकटवा. माणसं बहुतेक वेळा तोच मेसेज कॉपी करून सर्चमध्ये टाकतात. त्याचा फोटो लावलात तर सर्चला तो बहुधा सापडत नाही.

शब्द रोजच्या बोलण्यातले वापरा. टीममध्ये सगळे ‘रीस्टार्ट’ म्हणत असतील तर पानावर ‘पुनःप्रारंभ’ लिहून काही साधत नाही. उलट टीमची स्वतःची टोपणनावं असतात, ‘जुना डबा’, ‘मोठा सर्व्हर’ अशी. ती नव्या माणसाला कळत नाहीत. पानात एकदा तरी सर्व्हरचं खरं नाव आणि टोपणनाव शेजारी शेजारी येऊ द्या.

एक पान जवळून पाहू

विकीवर हमखास सापडेल असा हा मजकूर:

‘सर्व्हरची जागा भरल्यास नेहमीप्रमाणे जुन्या लॉग फाइल्स काढून टाकाव्यात व सर्व्हिस रीस्टार्ट करावी. अडचण आल्यास संबंधित व्यक्तीशी संपर्क साधावा.’

(लॉग म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाची लिहीत जातो ती नोंद.) व्याकरण ठीक आहे, माहिती खोटी नाही. ज्याला काम येतं त्याला हे वाचून सगळं आठवेल. पण त्याला पानाची गरज नव्हती. ज्याला गरज आहे त्याच्या जागी बसून वाचा. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं? जुन्या म्हणजे किती दिवसांपूर्वीच्या? कुठल्या फोल्डरमधल्या? कुठली सर्व्हिस, आणि ती बंद असेपर्यंत ग्राहकांचं काय? अडचण म्हणजे नेमकं काय झालं तर ती अडचण समजायची? आणि ‘संबंधित व्यक्ती’ या शब्दांमागे कुणीच नाही.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फाइल काढल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट का करायची? मजकुरात कारण नाही, त्यामुळे घाईतला माणूस ती पायरी गाळतो. कारण असं आहे: लिनक्सवर एखादी फाइल पुसली तरी, जोवर एखादा चालू प्रोग्रॅम ती उघडी धरून बसला आहे, तोवर तिची जागा मोकळी होत नाही. फाइल यादीतून नाहीशी होते, डिस्क मात्र भरलेलीच दिसते. माणूस गोंधळतो, आणखी फाइल पुसतो, आणि गरज नसताना कामाच्या फाइलींपर्यंत पोचतो. हे एक कारण लिहिलेलं असतं तर तो तिथेच थांबला असता.

आता हेच पान असं लिहून पाहा:

‘कधी वापरायचं: ऑर्डर सर्व्हरवर डिस्क ९० टक्क्यांवर गेल्याचा अलर्ट आला तर. आधी डिस्क किती भरली आहे ते पाहा आणि तो आकडा टिपून ठेवा. मग ऑर्डर सर्व्हिसच्या लॉग फोल्डरमधल्या, १४ दिवसांपेक्षा जुन्या आणि कॉम्प्रेस केलेल्या फाइल्स काढा. आजची फाइल काढू नका. सर्व्हिस तिच्यात लिहीत असते, त्यामुळे पुसली तरी जागा सुटत नाही. पुन्हा डिस्क पाहा. आकडा ७० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. आला नाही, तर पुसलेली एखादी फाइल अजून उघडी आहे. तेव्हा सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्टला साधारण दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ नवीन ऑर्डर रांगेत थांबतात, हरवत नाहीत. तरीही जागा सुटली नाही, तर दुसरं काही पुसू नका. ऑन-कॉल (त्या वेळी ड्युटीवर) असलेल्या डेटाबेसवाल्यांना फोन करा.’

लांबी वाढली, हे खरं. पण वाचायला लागणारा वेळ वाढला तरी काम करायला लागणारा वेळ घटला. यातली सर्वांत मोलाची वाक्यं मला दोन वाटतात. एक, ‘आकडा ७० च्या खाली आला पाहिजे’: काम झालं हे कशावरून ओळखायचं ते सांगणारं. दुसरं, ‘दुसरं काही पुसू नका’: कुठे थांबायचं ते सांगणारं. बहुतेक पानांवर करायचं काय ते असतं, पण थांबायचं कुठे ते नसतं.

मराठीत लिहिताना एक खास अडचण येते, ती म्हणजे ‘करावे’ हे रूप. ‘बॅकअप घ्यावा’ म्हणजे घ्यायलाच हवा, की घेतला तर बरं? वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ काढतो. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि मार्च १९९७ मध्ये त्यांनी आरएफसी २११९ नावाचा एक छोटा दस्तऐवज काढून सक्तीचं, शिफारशीचं आणि ऐच्छिक या तिन्हींसाठी कुठले शब्द वापरायचे ते ठरवून टाकलं. आपणही ठरवू शकतो: ‘घ्यायचाच’, ‘शक्यतो घ्या’, ‘हवा तर घ्या’. आणि शिफारस असेल तिथे, ती कधी मोडली तर चालेल तेही सांगा.

एका पानात एकच काम

तांत्रिक लिखाणाची एक उपयोगी विभागणी डॅनिएले प्रोसिडा यांनी केली आहे. तिला डायटॅक्सिस म्हणतात. काही पानं हात धरून शिकवतात, काही एखादं काम पार पाडून देतात, काही नुसती संदर्भाची असतात आणि काही ‘हे असं का’ ते समजावतात. चारही हवीत. पण ती एकमेकांत मिसळली की बिघडतात. रात्री दोन वाजता सर्व्हर उभा करणाऱ्याला आठव्या पायरीनंतर त्या रचनेचा इतिहास वाचायचा नसतो. आणि निवांतपणे समजून घ्यायला बसलेल्याला मध्येच पंचवीस कमांड नको असतात. लिहायला बसताना स्वतःला विचारा, हे पान उघडणारा माणूस या क्षणी काय करतोय? उत्तरं दोन आली तर पानंही दोन करा आणि एकमेकांना जोडा.

‘हे असं का’ या प्रकारची पानं टीममध्ये सर्वांत कमी लिहिली जातात, आणि माणूस सोडून गेला की सर्वांत आधी हीच माहिती जाते. कोड काय करतो ते कोड वाचून कळतं. तो तसाच का लिहिला, दुसरे कुठले मार्ग पाहिले आणि का सोडले, हे कोडमध्ये नसतं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये यासाठी एक सोपा साचा सुचवला: परिस्थिती काय होती, निर्णय काय घेतला, तो सध्या लागू आहे का, आणि त्याचे परिणाम काय. एक निर्णय, एक-दोन पानांचा मजकूर. निर्णय बदलला तर जुनी नोंद पुसायची नाही. तिच्यावर ‘आता हा लागू नाही’ असं लिहून नव्या नोंदीची लिंक द्यायची. सोडून दिलेली वाट कुणी पुन्हा चालायला निघालं, तर तिथेच त्याला जुन्या ठेचा दिसतात.

कमांड, स्क्रीनशॉट आणि उदाहरणं

कमांड नेहमी कोडसाठी असलेल्या चौकटीतच लिहा. साध्या मजकुरात लिहिली की अनेक एडिटर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करून टाकतात आणि दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतात. डोळ्याला फरक जवळजवळ कळत नाही, पण टर्मिनलला, म्हणजे कमांड चालवायच्या खिडकीला, तो कळतो आणि कमांड फसते. वाचणारा तासभर आपलंच काही चुकलं म्हणून शोधत बसतो. चौकटीतली कमांड स्वतः तिथूनच कॉपी करून एकदा चालवून पाहा.

कमांडच्या आधी ती कुठल्या मशीनवर चालवायची ते लिहा, आणि नंतर काय दिसलं पाहिजे ते लिहा. काहीच दिसणार नसेल, तर ‘काहीच दिसणार नाही’ असंही लिहा. सुरुवातीची गोष्ट आठवा.

जिथे वाचणाऱ्याने स्वतःचं नाव किंवा पत्ता घालायचा आहे, तिथे खरा पत्ता नमुना म्हणून देऊ नका, कारण कुणीतरी तो तसाच चालवतो. नमुन्यांसाठी जगभर काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. एक्झाम्पल डॉट कॉम हे नाव त्यातलंच. आयपी पत्त्यांतही (नेटवर्कवरच्या मशीनचे आकड्यांतले पत्ते) १९२.०.२ ने सुरू होणारा गट केवळ लिखाणातल्या उदाहरणांसाठी बाजूला काढलेला आहे. चुकून चालवला तरी तो कुणाच्या खऱ्या मशीनवर जाऊन धडकत नाही.

स्क्रीनशॉट कमीत कमी. बटण नेमकं कुठे आहे हे शब्दांत सांगणं अवघड असेल तेव्हाच. तो कॉपी करता येत नाही, त्यातलं एक अक्षर दुरुस्त करता येत नाही, आणि जे पाहू शकत नाहीत अशा सहकाऱ्यांचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. पुढच्या आवृत्तीत बटण हललं की तो उलट दिशाभूल करतो.

पासवर्ड: चुकून लिहिला गेला तर

विकीवर पासवर्ड, गुप्त की (पासवर्डसारखी डिजिटल किल्ली) किंवा ग्राहकाची खरी माहिती लिहायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घाईत होतं. तेव्हा काय करायचं ते मात्र अनेकांना माहीत नसतं. पहिली ओढ असते ती ओळ पुसून सेव्ह करण्याची. त्याने पासवर्ड जात नाही. विकी प्रत्येक आवृत्ती सांभाळून ठेवतो, हाच तर त्याचा गुण; हिस्टरी उघडली की कालचं पान जसंच्या तसं दिसतं. शिवाय पानावर लक्ष ठेवणाऱ्यांना बदलाची मेल गेलेली असते, आणि बॅकअपमध्ये प्रत उतरलेली असू शकते.

म्हणून आधी तो पासवर्ड बदला, तो आता फुटला असं धरून. मग ज्यांच्याकडे विकीची व्यवस्था आहे त्यांना सांगून जुनी आवृत्ती लपवून घ्या. आणि सांगायला लाजू नका. ज्या टीममध्ये अशी चूक सांगितल्यावर ओरडा बसतो, तिथे पुढची चूक लपवली जाते. पानावर पासवर्डऐवजी तो कुठे ठेवलाय आणि तो पाहण्याची परवानगी कुणाकडे मागायची, एवढं लिहा.

‘नवीन’, ‘सध्या’, ‘लवकरच’

हे शब्द लिहिताना खरे असतात आणि वाचताना बहुधा खोटे. ‘नवीन सर्व्हर’ तीन वर्षांनी सर्वांत जुना झालेला असतो. ‘पुढच्या महिन्यात हे बदलेल’ हे वाक्य कुठल्या महिन्यात लिहिलं ते कळत नाही. आवृत्तीचा आकडा लिहा, तारीख लिहा. आणि तारीख अशी लिहा की तिचे दोन अर्थ निघणार नाहीत. ०३/०४/२०२४ ही काहींसाठी ३ एप्रिल आहे, काहींसाठी ४ मार्च. आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०२४-०४-०३, असं लिहिलं की गोंधळ मिटतो, आणि नावात अशी तारीख असलेली पानं आपोआप क्रमाने लागतात. टीम वेगवेगळ्या देशांत असेल तर वेळेसोबत ती कुठल्या टाइम झोनची तेही.

दुसऱ्याच्या पानाला हात लावणं

इथे माणसं सर्वांत जास्त अडखळतात. चूक दिसते, पण पान वरिष्ठांनी लिहिलेलं असतं, म्हणून आपण गप्प बसतो. किंवा उलट, कुणीतरी आपलं पान बदललं की आपला अपमान झाला असं वाटतं. दोन्हीमागे एकच समजूत आहे, की पान हे लिहिणाऱ्याच्या मालकीचं. विकीचं पान टीमचं असतं. विकिपीडियावर नव्या लोकांना पहिला सल्ला हाच देतात, की धीटपणे बदल करा. तो देता येतो कारण हिस्टरीमुळे कुठलाही बदल एका क्लिकवर परत फिरवता येतो.

पण धीटपणाची सीमा बदल कसला आहे यावर ठरते. शुद्धलेखन, तुटलेली लिंक, बदललेला पोर्ट नंबर: सरळ दुरुस्त करा, विचारायची गरज नाही. पायऱ्यांचा क्रम बदलत असाल, इशारा काढत असाल, किंवा लिहिलेलं तुम्हाला चूक वाटतंय पण खात्री नाही, तर आधी विचारा. पानाच्या चर्चेच्या भागात लिहा: ‘चौथी पायरी मी तीन वेळा गाळून पाहिली, काही बिघडलं नाही. ती अजून लागते का?’ कदाचित ती पायरी अशा एका प्रसंगासाठी असेल जो वर्षातून एकदाच येतो. तसं निघालं तर ते कारण पानात घाला, म्हणजे पुढच्याला हा प्रश्न पडणार नाही.

सेव्ह करताना बदलाची नोंद लिहायला एक छोटी चौकट येते. ती मोकळी सोडू नका. त्यात काय बदललं ते लिहायची फारशी गरज नसते, ते विकी शेजारी शेजारी रंगवून दाखवतोच. का बदललं ते लिहा. ‘दुरुस्ती’ या नोंदीतून काहीच कळत नाही. ‘डेटाबेसचं अपग्रेड झाल्यावर ही कमांड चालत नाही, नवी टाकली’ यातून सगळं कळतं. मोठा बदल आणि किरकोळ शुद्धलेखन एकाच वेळी सेव्ह करू नका. मोठा बदल परत फिरवायची वेळ आली तर चांगल्या दुरुस्त्याही त्याच्याबरोबर जातात.

आणि तुमचा बदल कुणी परत फिरवला, तर तो लगेच पुन्हा घालू नका. फोन उचला, बोला. पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट पानाच्या हिस्टरीत आठवडाभर लढत बसण्यात अर्थ नाही.

जुनी पानं

चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा घातक, कारण नसलेलं पान माणसाला विचारायला लावतं. प्रत्येक महत्त्वाच्या पानावर दोन गोष्टी वरच दिसू द्या: हे पान सांभाळतं कोण, आणि ते शेवटचं तपासलं केव्हा. ‘शेवटचा बदल’ ही तारीख विकी आपोआप दाखवतो, पण तिच्यावर जाऊ नका. कुणी स्वल्पविराम टाकला तरी ती पुढे सरकते. पायऱ्या खरोखर करून पाहिल्याची तारीख वेगळी. सांभाळणारा म्हणून एका माणसाऐवजी टीमचं किंवा कामाचं नाव द्या, कारण माणसं बदलतात.

पान कालबाह्य झालं तर त्याच्या माथ्यावर ते ठळक लिहा, नव्या पानाची लिंक द्या आणि शोधात ते वर येणार नाही अशा जुन्या कप्प्यात हलवा. पण पत्ता तोडू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे, की चांगले पत्ते बदलत नाहीत. तुमच्या पानाचा पत्ता कुणाच्या तरी मेलमध्ये, कोडमधल्या एखाद्या टिपेत, अलर्टच्या मेसेजमध्ये चिकटवलेला असतो. अलर्ट वाजतो, माणूस लिंक उघडतो आणि ‘पान सापडलं नाही’ हे वाचतो. पान हलवा, नाव बदला, पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट ठेवा.

सुरुवात नव्या माणसाने करावी

टीममध्ये नुकत्याच आलेल्या माणसाला वाटतं, मला अजून काही येत नाही, मी काय लिहिणार. पण पान कुठे अडतं हे फक्त त्यालाच दिसतं. आम्हा जुन्यांचे डोळे ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दावरून घसरून पुढे जातात, कारण नेहमीचं म्हणजे काय हे आम्हाला पाठ असतं. ही नवी नजर महिना-दोन महिने टिकते, मग तीही सरावते.

म्हणून कुणी नवीन आलं की मी एकच विनंती करतो. संगणक तयार करायच्या पानावरून जा, आणि ज्या पायरीला तुला कुणाला तरी विचारावं लागलं, ती पायरी उत्तर मिळाल्या मिळाल्या दुरुस्त कर. दिवसाच्या शेवटी नाही, त्याच वेळी. संध्याकाळपर्यंत ते उत्तर इतकं साधं वाटू लागतं की लिहावंसं वाटत नाही. मागच्या वेळी आलेल्या सहकाऱ्याने पहिल्या दिवशी त्या पानात सात बदल केले. त्यातला एक असा होता: ‘या पायरीनंतर स्क्रीन चार मिनिटं काळी राहते. हे बरोबर आहे, बंद करू नका.’